पेला, वरून आणि समोरून

प्रदर्शनातल्या त्या चित्रापुढे मी वैतागून उभा होतो. टेबलावर बाटली, पेला आणि वर्तमानपत्र, सगळं तुकड्यातुकड्यांत, मातकट रंगातलं. वर्तमानपत्राच्या नावाची तीनच अक्षरं उरलेली. सोबत शेजारचे दत्तूकाका होते. त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या.

"रंग भडक असते तर आकार हरवले असते," ते म्हणाले. "अक्षरं तेवढी सपाट ठेवलीत, म्हणून बाकीच्याला खोली आली."

पेल्याचं तोंड वरून दिसत होतं, अंग समोरून. पाटी लिहून झाली की काका ती रस्त्यापलीकडून पाहत, मग अगदी खाली उभं राहून. मी मात्र एकाच जागेवरून चित्राला दोष देत होतो.

"यानं पेला उभ्यानं पाहिला, बसूनही पाहिला," काका पुटपुटले.

जिना उतरताना ते मध्येच पायरीवर बसले आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिले.

"तुझी काकू दोन वर्षं अंथरुणावर होती. मी उशाशी उभ्यानंच विचारायचो, काय हवंय. तिला माझी नुसती हनुवटी दिसत असणार."

मी त्यांच्या शेजारी बसलो.