बायकोच्या कानाजोगा कॉम्प्युटर

शाळा चौथीपर्यंत. पण विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात हयात गेली. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, की आत बेरिंग कुठं खरवडतंय ते कळतं. त्यामुळं टीव्हीखाली ठेवायचा कॉम्प्युटर निवडायला मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी धरून चाललो होतो.

तो हवा होता बायकोसाठी. लेकीनं स्वतःच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिस्कमध्ये भरून आणल्या होत्या. त्यात हळदीची गाणी आहेत, आणि ती म्हणणारी बायकोची धाकटी बहीण. ती आता नाही. बायकोच्या कानात ऐकायचं मशीन असतं. ते गाण्याबरोबर घरातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघरही मोठी करायचं. दोनदा तिनं मशीन काढून डबीत ठेवलं. "तुमीच बघा," म्हणाली आणि उठून गेली.

मी सांगली गाठली. दुकानात लेकीच्या वयाची बाई होती.

"नुसतं लग्नच बघायचंय तर बारका प्रोसेसर पुरे, मामा."

"बारका कशाला? पाच हॉर्सपॉवरची मोटार लागती तिथं मी साडेसाताची बसवतो. दमत न्हाई ती."

"विहिरीवर न्यायचाय व्हय ह्याला?"

मी ऐकतोय कुठला. सगळ्यात ताकदीचा घेतला. घरी लावला, तर तो बसल्या जागी तापायचा, आणि त्याला गार करायला पंखा जुन्यापेक्षा जोरात बोंबलायचा. बायकोचा हात कानाकडं गेला. डबी उघडल्याचा तेवढा आवाज आला.

चार दिवस मी म्हणत राहिलो, नवा हाय, आवाज बसंल. पाचव्या दिवशी पोत्यात घालून एसटीनं परत नेला.

"चुकलं माझं," मी त्या बाईला म्हणालो. उभ्या जन्मात हे कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. बाई हसली नाही. तिनं कमी तापणारा प्रोसेसर बसवला, त्यावर लोखंडी फणीसारख्या पात्यांचा जड ठोकळा, आणि पंजाएवढा पंखा.

"एवढा थोरला? गाव उठंल की."

"बारका जोरात पळतो म्हणून वरडतो, मामा. थोरल्याला सावकाश फिरून भागतं."

आतली लेकीची फिरणारी डिस्क काढून बिनआवाजाची, न फिरणारी घातली, लग्न त्यात उतरवलं. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर डब्याला टेकवून कान दिला.

"काय म्हणतंय?"

"काय म्हणत न्हाई," मी म्हणालो.

संध्याकाळी बायको माझ्याशेजारी बसली. हळद सुरू झाली. दोन गाणी झाली तरी हात कानाकडं गेला नाही. तिसऱ्याला तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"आवं, केवढ्यानं श्वास घेताय. म्हणता म्हणता धाकटी हसती, ते ऐकायचंय मला."

मला तर ती हसते हेच ठाऊक नव्हतं. मी श्वास धरून बसलो. गाण्याच्या शेवटच्या ओळीला ती हसली, आणि बायकोही.