लघवी लाल होईल, घाबरू नका

डॉक्टर नाहीदने त्वचारोग हा विषय का घेतला, याचं उत्तर काही फार भारदस्त नव्हतं. नागपूरला शिकताना बाळंतपणाच्या वॉर्डात तिने तीन बाया डोळ्यांदेखत गेलेल्या पाहिल्या आणि ठरवून टाकलं, की जिथे कोणी मरत नाही असं काहीतरी शिकायचं. कॉलेजात स्किनवाल्यांची टिंगल व्हायची. "यांचा पेशंट बराही होत नाही अन् मरतही नाही. जन्माची सोय!" नाहीद हसायची. तिला तीच सोय हवी होती.

चंद्रपुरात तिचे अब्बा, बाबूभाई, घड्याळं दुरुस्त करत. लेक एमडी होताच त्यांनी दुकानावरची खोली दवाखान्यासाठी रंगवून घेतली. मधल्या काळात गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्याकडे एका संस्थेच्या कुष्ठरोग दवाखान्याला सहा महिन्यांपुरता डॉक्टर हवा होता. नाहीद गेली, आणि त्या सहा महिन्यांची चार वर्षं झाली.

दर रविवारी आई, जाहिदा, फोन करायची.

"तुले काई भीती नाई काय पोरी? उद्या तुलेच चट्टा निघाला म्हंजे?"

"अम्मी, तो असा लागत नाई."

"लागत नाई तं त्या लोकांले कुठून आला?"

उत्तर होतं, पण फोनवर आईच्या गळी उतरणारं नव्हतं.

नाहीदला तिथे धरून ठेवलं ते एका बोटाने. चट्टा तपासायची रीत साधी असते. रोग्याने डोळे मिटायचे, डॉक्टरने कापसाचं टोक अंगाला लावायचं आणि जिथे लागलं तिथे रोग्याने बोट ठेवायचं. पहिल्याच महिन्यात आठ वर्षांची एक मुलगी खेळ समजून हसत हसत बोट ठेवत होती. खांदा, कोपर, मान. मग कापूस गालावरच्या फिकट चट्ट्यावर टेकला आणि बोट हवेतच थांबलं. "लावा ना बाई," मुलगी म्हणाली. कापूस तर केव्हाचा लावलेला होता. त्या पोरीला वेळेवर गोळ्या मिळाल्या, तिची बोटं शाबूत राहिली. दुकानावरची खोली रंगवलेलीच राहिली.

गोळ्या देताना सांगायचं वाक्य तिला वारलूभाऊंनी शिकवलं. वारलूभाऊ पंचवीस वर्षं खेड्यापाड्यांत चट्टे शोधत हिंडलेला माणूस. पहिल्या दिवशीच्या गोळीने लघवी लाल होते. लोक रक्त समजून घाबरतात आणि सगळी पाकिटं नाल्यात टाकतात. म्हणून गोळी हातात ठेवायच्या आधी म्हणायचं, "लघवी लाल होईल, घाबरू नका." नाहीदने ते मराठीत, गोंडीत, तेलुगूत आणि मुलचेऱ्याच्या बंगाली वस्तीसाठी बांगलातही पाठ केलं. मराठी सोडली तर बाकीच्या तीन भाषांत तिला एवढं एकच वाक्य बिनचूक येई. लोकांनीही त्यातून आपला अर्थ काढला होता. लघवीला रंग आला म्हणजे दवा लागू पडली.

२००३ च्या जूनअखेरीस ती दिना नदीपलीकडच्या एका गावात गेली. लहानू आणि सीता यांचा दहा वर्षांचा कुलदीप, त्याच्या पाठीवर दोन चट्टे. पावसाळ्यात गाव तुटतं, म्हणून तिने सहाही महिन्यांची पाकिटं एकदम दिली. पहिल्या दिवशीच्या मोठ्या गोळ्या, मग रोज एक पांढरी. सीताने पाकिटं बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवली. नाहीदने आपलं वाक्य म्हटलं आणि जीप निघाली.

बाराव्या दिवशी दवाखान्यात गिरजाबाई नावाची एक बाई खरूज दाखवायला आली. बोलकी होती. मलमाची डबी पदरात बांधता बांधता म्हणाली, "तुमच्या गोळ्या लई कडक असतेत बाई. माया पोट्ट्याले लागू पडल्या होत्या."

"बरा आहे ना आता?"

"तो गेला ना. पाच वर्सं झाले. तवा दुसरे डाक्टर होते. लघवी लाल झाली, मंग दोन-चार दिवसांनी काळी झाली. चायसारखी, बिनदुधाची. आमी म्हटलं दवा जोरात काम करून राह्यली. मंग पिवळा पडला. कावीळ झाली म्हणून वैदूकडे नेलं. काविळीनं गेला तो. चट्टे चांगले झाले होते."

नाहीदची लेखणी थांबली. लाल रंग एका दिवसात जातो. काळा रंग वेगळा. रोजच्या पांढऱ्या गोळीबद्दल पुस्तकात दोन ओळी होत्या, परीक्षेत तिने त्या लिहिल्याही होत्या. काही मुलांच्या रक्तात एक पदार्थ जन्मतःच कमी असतो. त्यांना ही गोळी दिली की अंगातलं रक्त आतल्या आत फुटायला लागतं. ते आईकडून मुलाकडे जातं. बहिणी-बहिणींच्या मुलांत सापडतं.

"गिरजाबाई, तुमच्या बहिणी कुठे असतात?"

"एकच हाये. सीता. नदीपलीकडे देली. तुमी गेल्ता ना मांगच्या महिन्यात? तिच्या कुलदीपलेबी चट्टे निंगाले म्हणते."

जीप नदीपर्यंत पोचायला दोन तास लागले. वारलूभाऊ वाटेत बोटांची पेरं मोजत होते. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांनी किती उंबऱ्यांवर म्हटलं असेल, याचा हिशेब ते करत असावेत. नदी दोन्ही काठ भरून गढूळ वाहत होती. डोंगेवाल्या मुखरूने डोंगा झाडाला बांधून ठेवला होता.

"आज नाई जमत बाई. पानी पाहा ना."

वारलूभाऊंनी तोंडाशी हात धरून पलीकडच्या गुराख्याला हाक मारली. "लहानूचा पोट्टा कसा हाये गाऽ?"

गुराखी गावाकडे गेला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मग तो परत येऊन ओरडला, "निजून हाये! दोन दिवसांपासून उठून नाई राह्यला!"

मुखरूने नाहीदच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोर सोडायला घेतला. "बसा. पन मधात हालू नोका. अन् भाऊ, तुमी इथीच राहा. तुमचं वजन पाहून डोंगा रडंल."

नाहीद डोंग्यात चढली.

सीता अंगणातच होती. डॉक्टरीण पावसापाण्यातून आपल्या घरी आली, याचा तिला आनंदच झाला. लगबगीने आत जाऊन तिने काचेची बाटली आणली. आठ दिवसांपासूनची लघवी तशी होती. बाईंनी रंगाचं सांगितलं होतं, म्हणून दाखवायला राखून ठेवली होती.

"पाहा, लाल म्हनलं होतं तुमी, हे तं त्याच्याहून चांगली आली. एक दिवस खाडा केला नाई मी. आजची गोळी आताच देल्ली."

बाटलीतलं पाणी कोळशाच्या चुऱ्यातून गाळल्यासारखं काळं होतं. आत खाटेवर कुलदीप पडला होता. नाहीदने त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत पांढरं फटक होतं आणि बुबुळाभोवती हळदीसारखं पिवळं. छाती भात्यासारखी चालत होती. तिने त्याला हाक मारली तेव्हा त्याने ओठ हलवले, आवाज आला नाही.

"गोळी थांबवा," नाहीद म्हणाली. "याला रक्त लागेल. आत्ता निघायचं."

"कावीळ झाली काय? मंग वैदूले—"

"कावीळ नाही, सीताबाई. गोळीने झालं. मी दिलेल्या गोळीने."

सीताला ते कळलं नसावं. तिने पोराला गोधडीत गुंडाळलं. लहानूने खाट उचलली. डोंग्यात खाट आडवी मावेना, म्हणून नाहीदने कुलदीपला मांडीवर घेतलं. नदी ओलांडेपर्यंत ती फक्त त्याचा श्वास मोजत होती आणि दोनदा तिचा आकडा चुकला, कारण मधला श्वास आलाच नाही असं तिला वाटलं.

गडचिरोलीला पोचले तेव्हा अंगात रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, साडेतीन होतं, दहाबारा असायला हवं तिथे. लहानूचं रक्त जुळलं, दुसरी बाटली वारलूभाऊंची. वॉर्डातला डॉक्टर नाहीदला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्किनवाल्या असं काही आणत नाही कधी." मग तिचा चेहरा पाहून रक्ताच्या बाटलीकडे वळला.

तिसऱ्या दिवशी कुलदीप उशीला टेकून बसला. पेज मागितली. लघवी साधी झाली होती. पाठीवरचे चट्टे होते तसेच होते. त्यांना आता वेगळी दवा लागणार होती, आणि ती घ्यायला सीताला कोण तयार करणार, हे नाहीदला ठाऊक नव्हतं.

सीता मात्र वेगळंच विचारत आली. वारलूभाऊंकडून तिने सगळं काढून घेतलं होतं.

"बाई, खरं सांगजा. गिरजीच्या पोट्ट्याले झालं, माया पोट्ट्याले झालं. हे माया पोटातून आलं काय?"

नाहीदला खोटं बोलता आलं असतं. लहानपणी तिला ताप आला की अम्मी "नजर लागली" म्हणून भागवायची, तसं काहीतरी. "आईकडून येतं," ती म्हणाली. "पण यात तुमची चूक नाही. गोळी द्यायच्या आधी विचारायचं काम माझं होतं. तुमच्या बहिणीला मुलगा होता का, त्याचं काय झालं, एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही."

सीताने पोराच्या पायावरची गोधडी नीट केली.

"मले एक पोरगीबी हाये. पिंकी. मांगच्या साली देली. सातवा महिना चालू हाये तिले."

नाहीदने पिशवीतून वही काढली. दोन बहिणींची नावं लिहिली, त्यांखाली मुलांची, त्यांच्या शेजारी पिंकी. अशी किती घरं असतील, किती पाकिटं तसबिरींमागे असतील, तिला कल्पना येईना. पंचवीस वर्षांत काविळीने गेलेली किती मुलं खरं तर काविळीने गेली नसतील.

"पिंकीचं सासर कोणतं गाव?"

सीताने पदर तोंडावर धरला.

"नाव कायले पायजे?"

"बाळ झालं की त्याचं रक्त तपासू. मुलगा असेल तर ही गोळी आणि अशाच दोन-चार गोळ्या त्याला कधी द्यायच्या नाहीत. एवढंच कार्डावर लिहून देईन."

"तुमी कार्ड लिहान. ते सासू वाचंल. वाईट रगताची पोरगी आमाले देली म्हणंल. मंग ठेवतीन काय तिले?"

नाहीदने लेखणी वहीवरून उचलली. कुलदीपने पेजेची वाटी खाली ठेवली आणि आईकडे पाहिलं.

"सांग ना व माय," तो म्हणाला.

सीताने गावाचं नाव सांगितलं नाही.