सोमवारचा खोकला

कोरोनात बंद पडलेली शाळा उघडायची परवानगी आली तेव्हा आमच्या गावात पहिली हरकत निघाली ती ट्रकांवरून. भिवंडीजवळच्या काल्हेरच्या पट्ट्यात शाळेच्या तिन्ही बाजूंना गोदामं आहेत. देशभरचे ड्रायव्हर येतात, गाडी रिकामी होईपर्यंत शाळेच्या कुंपणाला पाठ लावून झोपतात, आमच्याच नळावर तोंड धुतात. "एवढी बाहेरची माणसं, आणि त्यात पोरं बसवायची?" असं ग्रामपंचायतीच्या बैठकीत एकजण म्हणाला, आणि बऱ्याच माना डोलल्या.

मी चौथीची बाई. मला शाळा हवी होती. मुलं जवळजवळ दोन वर्षं घरी होती. घरी म्हणजे बरीचशी गोदामातच, आईच्या मागे, खोक्यांवर चिकटपट्ट्या लावत. माझ्या वर्गात उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबातली एक मुलगी होती. दुसरीत असताना ती मराठी धडा अडखळत का होईना, वाचायची. आता चौथीत आली तर तिला अक्षरं लागेनात. पार्सलावरचे पिनकोड मात्र ती धडाधड म्हणून दाखवायची. कोणता आकडा कुठल्या गावाचा, तेही सांगायची. बाकीची मुलं हसली. मला हसू आलं नाही.

शेवटी मार्ग काढला तो आमच्या आशाताईंनी. आशाताई म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्त्या. गावातल्या बौद्धवाडीत राहणाऱ्या, बाळंतपणापासून लसीपर्यंत प्रत्येक घरात पाय असलेल्या. त्यांनी बैठकीत उभं राहून सांगितलं, "शाळा बंद ठेवून आजार थांबत नाही, तो घरात लपतो. आपण तो शोधू या." प्रत्येक गल्लीतली एक आई निवडली. तिनं सकाळी दारोदार जाऊन विचारायचं: ताप, खोकला, सर्दी कुणाला आहे का, बाहेरून कुणी पाहुणा आलाय का. वहीत लिहायचं आणि शाळा भरायच्या आत वही आशाताईंकडे द्यायची. घरात ताप असेल त्या मुलानं सात दिवस घरी राहायचं. अभ्यास आम्ही पाठवायचा. शाळेत आम्ही शिक्षकांनीही रोज एका रजिस्टरवर सही करायची होती: मला आज ताप, सर्दी, खोकला नाही.

फाटकावर उभ्या राहायच्या आमच्या मावशी. त्या गावच्याच, साठीला टेकलेल्या, शाळेत खिचडी शिजवायच्या. तेव्हा शिजवणं बंदच होतं, पालकांना कोरडा तांदूळ-डाळ वाटत होतो. पण मावशी घरी बसेनात. ताप मोजायचं यंत्र त्यांनी आपणहून हातात घेतलं. प्रत्येक पोराच्या कपाळासमोर ते धरून, डोळे बारीक करून आकडा वाचायच्या आणि म्हणायच्या, "जा, तू थंड हायस." मुलांना ते इतकं आवडलं की काहीजण दोनदा रांगेत उभे राहायचे.

दुपारच्या सुट्टीत मावशी आणि मी मागच्या ओट्यावर बसून चहा प्यायचो. थर्मास माझा, चहा त्यांच्या घरचा. तोंडावरचे मास्क तेवढ्यापुरते हनुवटीवर. मावशींनी लसीचा एकच डोस घेतला होता. पहिल्या सुईनं हात दोन दिवस सुजला म्हणून दुसऱ्याला त्या तयार होत नव्हत्या. मी रोज सांगायचे, त्या रोज हसायच्या.

तीन आठवडे हे नीट चाललं. शेजारच्या दोन गावांतल्या शाळा उघडून परत बंद झाल्या, आमची सुरू राहिली. पिनकोडवाली मुलगी एके दिवशी फळ्यावरचं अख्खं वाक्य न थांबता वाचून गेली आणि वाचून झाल्यावर स्वतःच दचकली.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी माझा घसा खवखवत होता.

मी भिवंडीत राहते. रोज स्कूटीवरून येते. रस्त्यावर कंटेनर आणि धूळ, घसा बसणं नवीन नव्हतं. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, एक गोळी घेतली आणि निघाले. रजिस्टर समोर आलं तेव्हा हात थोडा थांबला. खोटं लिहितेय असं तेव्हा वाटलं नाही, हे खरं आहे. पण थांबला, हेही खरं आहे. मी कळवलं असतं तर माझा वर्ग सात दिवस बंद झाला असता. आणि बाईंचाच वर्ग बंद म्हटल्यावर ट्रकांवरून हरकत घेणाऱ्यांनी सगळी शाळा बंद करायला लावली असती. हे सगळं मी तेवढ्या क्षणात मोजलं आणि सही केली. मंगळवारीही केली. बुधवारी खोकला आला तेव्हा फळ्याकडे तोंड करून खोकले. तिन्ही दिवस ओट्यावर बसून चहा प्यायले.

गुरुवारी मला बरं वाटलं. म्हटलं, धूळच होती.

शुक्रवारी मावशी फाटकावरून घाईघाईनं वर्गाशी आल्या. "बाई, त्या पोरीचं अंग तापलंय. दोनदा बघितलं." पिनकोडवाली मुलगी त्यांच्या मागे उभी होती. डोळे लाल. "बाई, मला घरी नका पाठवू," ती म्हणाली. "आज माझी वाचायची पाळी आहे." आशाताई आल्या, तिला घेऊन तिच्या चाळीतल्या खोलीवर गेल्या. ड्युटीवर निघालेली आई दारातच म्हणाली, "बुखार नहीं है दीदी, धूप में खेली है." पण खोलीत गोळीचं रिकामं पाकीट पडलं होतं. रात्री अंग गरम होतं म्हणून आईनं गोळी दिली होती. सकाळी तिला गोदामात ड्युटीवर जायचं होतं आणि मुलीला एकटीला खोलीत ठेवायची तिची हिंमत नव्हती. म्हणून वही घेऊन आलेल्या गल्लीतल्या आईला तिनं सांगितलं, सब ठीक.

मुलीची तपासणी झाली. कोरोना निघाला. शाळा बंद झाली, आम्हा सगळ्यांचे नमुने घेतले. माझाही अहवाल तसाच आला. रविवारी मावशींना ताप भरला. मंगळवारी त्यांना धाप लागली आणि त्यांच्या मुलानं त्यांना भिवंडीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. प्राणवायू लावावा लागला.

मी घरात एका खोलीत बंद होते. फोन सारखा वाजायचा. "बाई, जपा. त्या पोरीनं तुम्हालाही दिला आणि मावशींनाही. त्यांना काय, लपवून पाठवलं." एकापाठोपाठ एक पालक हेच बोलत होते. मी ऐकत होते, आणि हो-नाही काहीच म्हणत नव्हते.

मग आशाताईंचा फोन आला. त्यांना फॉर्म भरायचा होता. "बाई, तुम्हाला त्रास कधी सुरू झाला? तारीख सांगा."

मी म्हटलं, "शनिवारी."

मग त्या म्हणाल्या, "बरं. शनिवार लिहिते."

पुढचे दिवस मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. छताकडे बघत पडले होते. मावशींच्या मुलाला रोज फोन करायचे. तो म्हणायचा, "हाय तशीच हाय." आठव्या दिवशी दुसऱ्या एका शिक्षिकेनं सहज सांगितलं की त्या मुलीच्या घरच्यांना खोली खाली करायला सांगितलीय. चाळ आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांचीच होती. त्याआधी दोन दिवस नळावर त्या मुलीच्या आईचा हंडा इतर बायकांनी बाजूला सारला होता. आमच्या वहीत तिच्या नावापुढे कुणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं, 'ताप लपवला'.

मी त्याच संध्याकाळी आशाताईंना फोन केला. "शनिवार नाही," मी म्हटलं. "सोमवार. त्या मुलीच्या चार दिवस आधी."

त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. बुधवारी फाटकाजवळ तुम्ही बोलताना दोनदा खाकरलात. आवाजही बसला होता."

"मग विचारलं का नाही?"

"कसं विचारणार, बाई? चाळीत वही घेऊन जायला काही वाटत नाही. शाळेच्या बाईंना, तुम्हाला खोकला आहे का, सही खरी आहे का, असं मी विचारायचं? आणि विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, थकलेला.

शाळा परत कधी उघडायची हे ठरवायला मैदानात बैठक झाली. खुर्च्या लांब लांब ठेवल्या होत्या. बोलणं सुरू होताच त्या मुलीच्या घरावर आलं. असल्या लोकांची पोरं घ्यायचीच कशाला, असं एक आई म्हणाली. मी उभी राहिले. म्हटलं, "मला त्रास सोमवारपासून होता. मी तीन दिवस घसा धरलेला असताना शाळेत आले आणि रजिस्टरवर खोटी सही केली. त्या मुलीला शुक्रवारी ताप आला. कुणाकडून कुणाला गेला ते कुणालाच सांगता येणार नाही. पण लपवलं असेल तर आधी मी लपवलं."

मग अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे आता कशाला काढता? शाळा चालू करायची हाय का न्हाय?" मागून एक बाप ओरडला, "म्हणजे आमच्या पोरांसमोर तीन दिवस..." मगाशी बोललेली आई माझ्याकडे न बघता उठून गेली. मावशींचा मुलगा कुंपणापाशी उभा होता. तो माझ्याकडेच बघत होता. ते मला सगळ्यात जड गेलं.

मला नोटीस मिळाली, ती मिळायलाच हवी होती. शाळा उघडली. नियमात दोन बदल झाले, दोन्ही आशाताईंनी सुचवलेले. सकाळी पहिला फोन शिक्षकांना जाणार आणि तो आशाताई स्वतः करणार. आणि ज्या घरात ताप निघेल तिथल्या आईला कामावर जायचं असेल तर त्या मुलाजवळ कोण थांबेल हे गल्लीनं ठरवायचं. दुसरा नियम लिहायला सोपा होता. पाळायला तीन बायका पुढे आल्या, बाकीच्यांनी ऐकून घेतलं.

मी आणि आशाताई त्या मुलीला परत आणायला गेलो. ती माणसं कशेळीला एका नातेवाइकाच्या खोलीत गेली होती. आई दारात आली, आत या म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं, बैठकीत बोलले तेही. तिनं ऐकून घेतलं. "आपने बोल दिया, अच्छा किया मॅडम," ती म्हणाली. "लेकिन कमरा तो गया." मुलीला पाठवशील का, मी येताजाता स्कूटीवर घेऊन जाईन, असं विचारल्यावर तिनं मान हलवली. "वहाँ सब उसको देख के हटेंगे. वो बच्ची है, सब समझती है." मुलगी आतून बघत होती. तिला हाक मारायचं माझ्या मनात आलं, पण मारली नाही. पुढच्या आठवड्यात तिचा शाळा सोडल्याचा दाखला मी स्वतः नेऊन दिला. कशेळीतल्या शाळेत तिचं नाव घातलं, एवढं कळलं.

मावशी घरी आल्या, पण फाटकावर परत आल्या नाहीत. चार पावलं चालल्या की बसावं लागायचं. मी भेटायला गेले तेव्हा त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला. "कुनाकडनं आला त्याचं काय घेऊन बसलात." मग दम खात म्हणाल्या, "पन बाई, मला सांगितलं असतं ना, तर मी चार हात लांब बसले असते. चा तेवढा लांबून प्याले असते. दुसरं काय लागत व्हतं?"

त्यांना राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं ते पिऊन निघाले.

परीक्षेपर्यंत शाळा चालू राहिली. मध्ये दोनदा एकेक वर्ग बंद ठेवावा लागला. त्यातला एक माझा होता, माझ्याच सकाळच्या फोनवरून. पालकांनी कुरकुर केली, पण सगळी शाळा पुन्हा बंद पडली नाही. तालुक्यात आमच्या व्यवस्थेचं कौतुक झालं. ते ऐकताना मी खाली बघत असे.

परीक्षेच्या आधी, उन्हाळा चढायला लागला होता तेव्हाची गोष्ट. दुसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझा घसा दुखतोय." तिच्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या. मी तिचं दप्तर घेतलं आणि तिला घरी सोडायला निघाले. ती माझ्यापासून अंतर ठेवून चालत होती, शिकवलं होतं तसं. गोदामाच्या वळणावर एक कंटेनर मागे येत होता म्हणून आम्ही थांबलो. तेव्हा तिनं विचारलं, "बाई, आता आम्हाला खोली सोडायला लागेल का?"

मी म्हटलं, "नाही."

ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मास्कच्या वर तेवढंच दिसत होतं. कंटेनर निघून गेला, रस्ता मोकळा झाला, तरी ती हलेना. मी पुन्हा एकदा म्हटलं, "नाही, बाळा. मी येते ना तुझ्या दारापर्यंत." मग ती चालायला लागली. त्यांची खोली चाळीच्या अगदी शेवटी होती. प्रत्येक दारातून कुणी ना कुणी आमच्याकडे बघत होतं आणि मी प्रत्येक दाराशी थांबून सांगत गेले की मुलीनं स्वतःहून सांगितलं, म्हणून तिला घरी आणलंय.