लडाखचे गरम कपडे, खरेदी सिंगापुरात

जिथे बाराही महिने पंखा फिरतो, तिथे गरम कपड्यांवरून एखाद्याचा इतका संताप व्हावा, हे कुणाला सांगून पटत नाही. पण त्या वर्षी हौगांगच्या आमच्या फ्लॅटमधली स्टोअररूम जॅकेटांनी भरली आणि माझे डोके किश्श्यांनी. जॅकेटे निदान कुणाला तरी देऊन टाकता येतात. किस्से सांगितल्याशिवाय जात नाहीत.

मंडळी तीन. माझा मुलगा अभिजित आणि त्याच्याच आयटी कंपनीतले केदार व निखिल. विमानाने लेहला जायचे, तिथे मोटारसायकली भाड्याने घ्यायच्या आणि सप्टेंबरअखेरीस लडाखच्या खिंडी ओलांडायच्या, असा बेत होता. माझा सहलीला विरोध नव्हता. मला धास्ती होती अभिजितच्या बोटांची. लहानपणापासून गारठ्यात ती पांढरी पडतात, बधिर होतात, ऑफिसच्या एसीतसुद्धा. बधिर बोटांनी ब्रेक कसा दाबणार, असे मी विचारले. तिघांनी एकमुखाने सांगितले, गिअर चांगले घेतले की झाले. गिअर म्हणजे त्यांच्या भाषेत अंगावरचे कपडे.

*

खरेदीची पहिली बैठक आमच्याकडे, माझ्या हातच्या पोह्यांवर. दोन तास चर्चा झाली ती जॅकेटच्या रंगाची. केदारला काळे हवे होते, कारण फोटोत बारीक दिसते. त्यातून वारा आत येतो का, आत स्वेटर मावतो का, गळा नीट बंद होतो का, हे कुणी बघेना. मी म्हटले, "केदार, तिथे तुझे पोट बघायला कोण येणार आहे? याक?"

केदार पोहे खात म्हणाला, "काकू, फेसबुकवर सगळेच येतात."

*

निखिलने आतून घालायला शंभर टक्के सुती इनर आणले. कातडीला मऊ लागतात, हे त्याचे शास्त्र. मी जुनी मॅट्रिक. तरी एवढे मला ठाऊक आहे की सूत घाम पिते आणि लवकर वाळत नाही. पौषातल्या पहाटे ओले सोवळे नेसून कुडकुडणारे भटजी त्याने पाहिले नसावेत. लोकरीचे घे, असे मी शांतपणे सांगितले.

"काकू, थंडीत घाम कशाला येईल?"

"ओढ्यात अडकलेली मोटारसायकल ढकलताना येईल."

त्याने इनर बदलून आणले. लोकरीचे नव्हे. दुसऱ्या रंगाचे, सुतीच.

*

मग चाचणी. इंजिनिअर मंडळी; चाचणीशिवाय पाणीही पीत नाहीत. ऑफिसात सर्वांत थंड जागा कोणती, तर सर्व्हर रूम. तिथे निखिल नवे जॅकेट घालून अर्धा तास उभा राहिला आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन त्याने निकाल जाहीर केला, "काकू, टेस्ट पास. मला चक्क उकडलं."

मी विचारले, "वारा होता का?"

"सर्व्हर रूममध्ये वारा कसा असेल?"

"मग लडाख काय सर्व्हर रूममध्ये बसून बघणार आहात?"

आमच्या यजमानांची काही वर्षे पठाणकोटला नोकरी होती. हिवाळ्यात मोटारसायकलवर निघताना ते स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्राची घडी ठेवत. थंडीपेक्षा वारा वाईट, असे ते म्हणत. हे मी तिघांना सविस्तर समजावले. तिघांनी माना डोलावल्या. मग केदार अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "पण काकू, आम्ही पेपर फोनवर वाचतो."

त्या दिवशी चहा मिळाला नाही कुणालाही.

*

खरा स्फोट हातमोज्यांवरून झाला. अभिजितने चामड्याचे, बोटांना घट्ट बसणारे हातमोजे आणले. गुण काय, तर ते न काढता फोन वापरता येतो! घट्ट मोज्यात रक्त खेळत नाही. ज्याची बोटे आधीच पांढरी पडतात, त्याने एक माप मोठे घ्यावे आणि आत लोकरीचे घालावेत. मी राखाडी लोकर मिळवली आणि या उकाड्यात, पंख्याखाली बसून, एक जोडी विणली. अभिजितने ती बघितली आणि बायकोकडे पाहून हसला.

"आई, तिथे सगळे प्रॉपर रायडर असतात गं. हसतील मला. मी बेचाळीस वर्षांचा आहे."

मी म्हटले, "बोटेही बेचाळीसच वर्षांची आहेत. नवी मिळणार नाहीत."

पण त्याने घट्ट मोजे बदलून आणले नाहीत ते नाहीतच.

*

त्याच आठवड्यात अभिजित घरी नसताना केदार आला. इकडचे तिकडचे बोलून झाले, मग दाराशी चपला घालता घालता म्हणाला, "काकू, ते लोकरीचे मोजे... मलाही विणाल? वरचे मी मोठ्या मापाचे घेतो. फक्त त्या दोघांना सांगू नका, चिडवतील."

दोन दिवसांनी निखिल क्लेमेंटीहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एवढ्या लांब आला. त्यालाही तेच हवे होते आणि त्याचीही तीच अट होती. एकमेकांच्या हसण्याला भिऊन स्वतःची बोटे गोठवून घ्यायला निघालेले हे उच्चशिक्षित पुरुष! मी दोघांनाही चांगले फैलावर घेतले आणि विणायला बसले. केदारचे तपकिरी, निखिलचे निळे.

*

निघायच्या दिवशी मी राखाडी जोडी स्वतः अभिजितच्या सॅकमध्ये वरच ठेवली. तो विमानतळावर गेल्यावर मी दार लावायला वळले, तर जोडी शू-रॅकवर, बुटांच्या शेजारी, नीट घडी करून ठेवलेली. मी सुनेशी त्या दिवशी बोलले नाही. तिची काही चूक नव्हती, पण घरात बोलण्यासारखे दुसरे कुणी नव्हते.

चार दिवस फोन नाही. तिकडे रेंज नसते म्हणे. मी येता-जाता शू-रॅककडे बघत होते आणि ब्रेकवरची बधिर बोटे डोळ्यांपुढून हलत नव्हती.

पाचव्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. खिंडीतल्या चहाच्या टपरीपुढे, बर्फात, तिघे उभे. डावीकडे केदार, त्याच्या एका हातात तपकिरी मोजा, दुसरा हात खिशात. उजवीकडे निखिल, एका हातात निळा मोजा, दुसरा हात काखेत दाबलेला. आणि मध्ये आमचे चिरंजीव, एका हातात तपकिरी मोजा, दुसऱ्या हातात निळा.

खाली त्याने लिहिले होते, "आई, गिअर एकदम परफेक्ट."