एकोणचाळीस पॉइंट पाच म्हणजे किती ताप

आमच्या घरात हवा सेल्सिअसमध्ये तापते आणि माणसं फॅरनहाइटमध्ये. उन्हाळ्यात नाशिक चाळीसवर गेलं की सगळे हाश्शहुश्श करतात, पण अंगातला ताप विचारला की शंभर, एकशे दोन. पाऱ्याचं थर्मामीटर फुटेपर्यंत हे सुखाने चाललं. मग धाकट्या दिरांनी डिजिटल मागवलं. ते सेल्सिअस दाखवायचं.

गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना ताप भरला. आधी त्यांनी तो अंगावर काढला. मग पडूनच राहिल्या, तेव्हा मी थर्मामीटर लावलं. ३९.५.

दीर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर, बॉयलरवर असतात. त्यांनी लगेच हिशेब मांडला. नॉर्मल सदतीस, म्हणजे अडीच डिग्री जास्त. आपलं नॉर्मल अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, त्यात अडीच मिळवायचे. आले शंभर पॉइंट नऊ.

"वहिनी, एवढ्याशा तापाला कोणी डॉक्टरकडे जातं का?"

माझा नवरा बँकेत आकड्यांवर पोट भरतो. त्यानेही मान डोलावली. मी म्हटलं, सेल्सिअसची एक डिग्री फॅरनहाइटच्या जवळजवळ दोन डिग्र्यांएवढी असते, हे शाळेतल्या पोरांनाही येतं. तर दिरांनी मला बॉयलर समजावून सांगायला घेतला. डिग्री ती डिग्रीच, असा त्यांचा सिद्धांत.

तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "गाईची धार काढली का गं?"

आमच्याकडे गाय कधीच नव्हती. तरी दोघेही जागचे हलले नाहीत.

थर्मामीटरच्या डबीत एक घडी घातलेला कागद होता. बटण दाबून धरलं की मोजमाप बदलतं, असं त्यावर चित्रासकट दिलेलं. दोन पदवीधरांपैकी एकालाही तो उघडावासा वाटला नव्हता. मी बटण दाबून धरलं आणि पुन्हा ताप मोजला. १०३.१.

"बॅटरी उतरली असेल," दीर म्हणाले.

मी रिक्षा बोलावली, नवऱ्याला आईला उचलायला सांगितलं. उचलायला हिशेब लागत नाही, ते त्याने नीट केलं.

न्यूमोनिया निघाला. उशीर केला असता तर जड गेलं असतं, असं डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हा दीर मोबाइलमध्ये बघत होते.

सासूबाई घरी आल्यावर शेजारच्या काकू भेटायला आल्या. मी सगळ्यांना पोहे दिले.

"घरात इंजिनिअर आहे म्हणून वाचले बाई," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "लगेच हिशेब करून ताप सांगितला माझ्या लेकाने."

दिरांनी पोह्यांवर लिंबू पिळलं आणि खायला सुरुवात केली.