एका हाताची रोवणी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या एका गावात धानाची रोवणी गुणाबाईच्या झपाट्यानं कोणी करत नसे. तिचा उजवा हात शेतमालक रामाजीच्या मळणीच्या थ्रेशरनं नेला, तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती.

हात आत जाऊ नये म्हणून थ्रेशरच्या तोंडावर असलेला पत्रा रामाजीनं स्वतःच काढून ठेवला होता. पेंढ्या अडकतात, काम रखडतं, म्हणून. गुणाबाई पेंढी आत सारत होती, पेंढीबरोबर हातही गेला. चंद्रपूरच्या दवाखान्यात तो कोपराखाली कापावा लागला. रामाजी सफरचंदं घेऊन एकदा भेटून गेला. चौकशीला आलेल्या पोलिसाला मात्र त्यानं सांगितलं, "बाई डुलक्या घेऊन राह्यली होती. मी दोनदा हटकलं." तोवर पत्रा जागेवर बसला होता. चौकशी तिथंच मिटली.

हात गेल्याचं गुणाबाईनं सोसलं. डुलकीचं तिला सोसलं नाही.

आषाढात ती पुन्हा बांधीत, धानाच्या खाचरात, उतरली. रोवणीच्या बायांची टोळी तिची मैत्रीण रंभा चालवायची. गुणाबाई पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी थोट्या हाताच्या बगलेत दाबायची आणि डाव्या हातानं रोपं ओढून चिखलात खोचायची. सुरुवातीला जुडी सुटून पाण्यात पडे. बाकीच्या बाया बांधावर चहा प्यायला बसत, तेव्हा ही निम्म्या ओळीत वाकलेली असे.

"राहू दे व बाई. काऊन जिवाले तरास देतं?" रंभा म्हणाली.

"मले रामाजीच्या बांधीपर्यंत पोचाचं हाय."

पुढच्या वर्षी डावा हात कामाला सरावला. कोणाच्या शेतात कधी जायचं, हे शेतकऱ्यांशी ठरवायचं कामही तिच्याकडे आलं. रंभाला फोनवर कोणाला नाही म्हणता येत नसे.

रामाजीचा फोन आला. त्याला वीस बाया हव्या होत्या.

"गुरुवारी येतो, भाऊ," गुणाबाई गोड आवाजात म्हणाली.

गुरुवारी टोळी दुसऱ्याच शेतात होती. मग तिनं सोमवार सांगितला, मग पुढचा शुक्रवार. रामाजीची बांधी चिखलणी होऊन तशीच पडली. वाफ्यातले पऱ्हे जून होत चालले. त्यानं इतर टोळ्या धुंडाळल्या, पण तोवर सगळ्या गुंतल्या होत्या.

एका दुपारी बाया बांधावर जेवत असताना तो आला.

"गुणाबाई, पऱ्हे हातचे चालले. हात जोडतो तुले."

"जोडा. तुमच्याजवळ दोन हायेत."

"काय पायजे तुले?"

"थ्रेशरचा पत्रा कोनं काढला, ते या बायांसमोर सांगा."

"मीनंच काढला."

"आन् मी झोपली होती?"

"नाई. जागीच होती."

रंभानं हात धुतले. "चाला, मिटलं. उद्या जाऊ भाऊच्या बांधीत."

"नाई," गुणाबाई म्हणाली. "बोलले ते बरं झालं. पन बाया येनार नाईत."

रामाजी शिव्या देत गेला. रंभा चिडली. "त्यानं कबूल केलं ना? आता काऊन?"

"त्याच्या कबूल केल्यानं माझा हात उगवला काय?"

रामाजीनं चामोर्शीकडून गाडी करून बाया आणल्या. निम्मी बांधी रोवून झाली, निम्मी पडीक राहिली. हातचं काम घालवलं म्हणून दोन बाया टोळी सोडून गेल्या. गुणाबाईनं त्यांना अडवलं नाही.

भाद्रपदात निंदणीला, तण काढायला, जाताना ती मुद्दाम लांबच्या वाटेनं, रामाजीच्या बांधीवरून जायची. धानाच्या जागी माजलेलं गवत बघत उभी राहायची.

"किती दिवस पाहशीन?" रंभानं एकदा विचारलं.

"अजून पोट नाई भरलं," ती म्हणाली.