कागदाला ठाऊक नसलेले वय

सकाळच्या फेरीत शाळेच्या मैदानाशी माझी पावले मंदावतात. आज तिथे कुणीतरी फक्की मारत होते. कोरड्या चुन्याचा तो नाकात झोंबणारा वास आला आणि मी कुंपण धरून उभा राहिलो. रेषा वाकडी चालली होती. गोलखांबाजवळ जाता जाता ती चांगली हातभर डावीकडे सरकली, आणि आखणाऱ्याला त्याचे काहीही वाटले नाही. मला वाटले. ज्याचे आयुष्य न्यायालयाच्या कचेरीत कागद तपासण्यात गेले, त्याला वाकडी रेषा दिसली की तिच्यामागे कुणाचा तरी हेतूही दिसू लागतो. हा गुण की व्याधी, याचा निवाडा मी अद्याप केलेला नाही.

काही वर्षांपूर्वी याच मैदानावर एक प्रशिक्षक जळगावच्या मुलींना फुटबॉल शिकवीत. माझी नात त्या संघात बचावाला खेळे, म्हणून मी रोज बाकावर बसे. रेषा ते स्वतः आखीत. दोन खुंट्या ठोकून, सुतळी ताणून, मग फक्की. माणूस मितभाषी, आणि मूळचा धुळ्याचा. माझ्या संशयाला एवढे पुरेसे होते. स्वतःचा जिल्हा सोडून हा आमच्या मुलींवर घाम का गाळतो, हा प्रश्न मी मनातल्या मनात त्यांना रोज विचारी. पालकांना माझा स्वभाव ठाऊक होता. मी दिसलो की कुणीतरी म्हणेच, “या नाना, आज कोणावर अर्ज?”

तो अर्ज एके दिवशी खरोखरच लिहिला गेला. अंतिम सामना धुळ्यात होता आणि तोही धुळ्याच्याच संघाशी. आमची सारी भिस्त नशिराबादकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीवर होती. तिच्या डाव्या पायाला चेंडू ओळखत असे, असेच म्हणायला हवे. सामन्याच्या सकाळी प्रशिक्षकांनी यादीतून तिचे नाव खोडले आणि तिला स्वतःशेजारी बसवून ठेवले. कारण दिले नाही. आम्ही एका गोलने हरलो. परतीच्या एस.टी.त ती मुलगी खिडकीला डोके टेकवून बसली होती आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हते. पारोळा येईपर्यंत अर्जाचा पहिला परिच्छेद माझ्या मनात तयार झाला. एरंडोल मागे पडले तेव्हा शेवटची विनंतीसुद्धा.

अर्ज निर्दोष होता, हे आजही अभिमानाने नव्हे तर भीतीने सांगतो. मुलीचा शाळेचा दाखला मी पाहिला होता. जन्मतारीख एक जून. वयाच्या अटीत ती चोख बसत होती. मग पात्र खेळाडूला बसवून ठेवण्याचे कारण एकच उरते, असे मी लिहिले: जन्मगावाची ओढ. जिल्हा संघटनेने प्रशिक्षकांचे लेखी म्हणणे मागवले. त्यांनी एकच ओळ दिली, “मला काही म्हणायचे नाही.” मौन म्हणजे कबुली नव्हे, हे मी उभ्या नोकरीत शेकडो वेळा वाचले होते. त्या दिवशी मात्र मी ते कबुलीसारखे वाचले. प्रशिक्षकपद गेले. आदेशाची प्रत मी फायलीला लावली आणि समाधानाने जेवलो.

पुढच्या हिवाळ्यात त्या मुलीची आई भरताची वांगी घेऊन नातीकडे आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि सरळ माझ्याकडे पाहत म्हणाली, “नाना, सरनी मनी पोरकरता तोंड उघाडं नही.”

मग तिने सगळे सांगितले. सामन्याच्या सकाळी तिने सरांना भाकरी वाढली होती. बोलता बोलता ती हसत म्हणाली की, पोर लहानपणी अशक्त, शाळेत घालायला वर्ष उशीर झाला, म्हणून गुरुजींनी वय एका वर्षाने उतरवून एक जून लिहून टाकला. आपल्याकडे हे कुणाला वावगे वाटत नाही. गावेच्या गावे एक जूनला जन्मलेली आहेत. सरांच्या हातातला घास तसाच राहिला. ती आज खेळणार नाही, एवढेच ते म्हणाले, आणि हे माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही, असेही. गुरुजींच्या लेखणीचा डाग पोरीच्या नावावर नको.

माझा संशय एवढ्याने मरणारा नव्हता. ही बाई सरांना वाचवण्यासाठी रचून बोलत असेल, असे मी दोन दिवस धरून चाललो. शेवटी दाखल्याआधीचे लसीकरणाचे कार्ड मागून घेतले आणि त्यावरचे साल पाहिले. ते एक वर्ष आधीचे होते, म्हणजे मुलगी वयाच्या अटीबाहेर. सरांनी आयोजकांना खरे सांगायला हवे होते, हे माझे मत आजही कायम आहे. पण तक्रार मागे घेण्याचा अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. निकाली प्रकरण पुन्हा उघडता येत नाही, असे उत्तर आले. मग माझ्या त्या अर्जाची प्रत घेऊन मी धुळ्याला गेलो.

पांझरा नदीकाठच्या एका मोकळ्या पटांगणात सर खुंटी ठोकत होते. मी म्हणालो, कागद स्वच्छ होता, हरकत घेणार कोण होते? त्यांनी मान वर केली नाही.

“कागदले माहीत नही, नाना. माले माहीत शे.”

माझा अर्ज त्यांनी न वाचताच खिशात घातला. सुतळीचे दुसरे टोक माझ्या हाती दिले आणि मागे सरकत विचारले, “नाना, तुमना वाढदिवस कधी?”

“एक जून,” मी म्हणालो.

ते हसले. “ताणी धरा,” म्हणाले.

आई सांगायची, कापसाच्या वेचणीत, कडाक्याच्या थंडीत मी झालो. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी त्या एक जूनच्या आधारे मी नोकरीला लागलो, मेच्या अखेरीस निवृत्त झालो, आणि मधल्या काळात इतरांच्या तारखा तपासत राहिलो.

आज मैदानावरून परतलो आणि त्या आदेशातला सरांवरचा पक्षपाताचा शेरा काढून टाकावा म्हणून संघटनेला पुन्हा पत्र लिहायला बसलो. दरवर्षी लिहितो, उत्तर येत नाही. जुन्या सवयीने सुरुवात केली: अर्जदाराचे नाव, वय, राहणार. वयाच्या जागी मी अजूनही कागदावरचेच वय लिहितो. पण तिथे आता लेखणी थांबते. पूर्वी थांबत नसे.